दंड भरू की विमा घेऊ?

अमेरिकेत बहुतेकांना एप्रिलच्या मध्यापर्यंत इन्कम टॅक्सचं रिटर्न भरावं लागतं. २०१५ साली ते भरायला बसलेल्यांना १०४० क्रमांकाच्या फॉर्मवर, ६१व्या ओळीत, एक नवी चौकट दिसली. गेलं वर्षभर घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा होता का? होता, तर खूण करायची आणि पुढे जायचं. नव्हता, तर नियमात बसणारी सूट मागायची, नाहीतर दंडाची रक्कम तिथंच भरायची. २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षं हा दंड लागू होता. विमा घ्यावा की दंड भरून मोकळं व्हावं, हा हिशेब त्या काळात लाखो घरांनी मांडला. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्यातला मोठा आकडा बहुतेकांच्या कागदावर आलाच नाही.

सक्तीच्या विम्याची कल्पना ओबामांच्या आधीची. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेनं ती मांडली होती. २००६ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये तसा कायदा केला. २३ मार्च २०१० रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्यानं हीच कल्पना देशभर नेली. तिच्यामागचं कारण सरळ होतं. आधीपासून मधुमेह किंवा कॅन्सर असलेल्या माणसाला विमा नाकारायचा नाही, त्याच्याकडून जास्त प्रीमियमही घ्यायचा नाही, असं बंधन नव्या कायद्यानं कंपन्यांवर घातलं. मग धडधाकट माणूस आजारी पडेपर्यंत विम्याच्या वाटेला कशाला जाईल? आणि विम्यात फक्त आजारीच लोक उरले, तर प्रीमियम कोणालाच परवडणार नाही. म्हणून विमा सक्तीचा, ज्यांना जड जाईल त्यांना सरकारी मदत, आणि तरीही न घेणाऱ्याला दंड.

या सक्तीला कोर्टात आव्हान मिळालं. २८ जून २०१२ रोजी सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं असं, की आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली नागरिकाला विमा विकत घ्यायला लावता येणार नाही, पण विमा न घेणाऱ्यावर कर जरूर बसवता येईल. म्हणजे रक्कम भरून विम्याशिवाय राहणाऱ्यानं कायदा मोडला असं होत नव्हतं. दोन्ही वाटा कायदेशीर ठरल्या आणि निवड खऱ्या अर्थानं माणसाच्या हातात आली.

आता रकमा पाहू. २०१४ साठी दंड होता माणशी ९५ डॉलर किंवा ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाचा १ टक्का, यांपैकी जे जास्त असेल ते. २०१५ साठी ३२५ डॉलर किंवा २ टक्के आणि २०१६ पासून ६९५ डॉलर किंवा अडीच टक्के. समजा, २०१६ मध्ये एकट्या राहणाऱ्या तरुणाचं उत्पन्न ४०,००० डॉलर होतं. त्यातून मर्यादेचे १०,३५० वजा केले की उरले २९,६५०. त्याचे अडीच टक्के म्हणजे सुमारे ७४१ डॉलर. त्या वर्षी सगळ्यात स्वस्त गटातल्या, म्हणजे ‘ब्राँझ’ विम्याचा देशातला सरासरी प्रीमियम सरकारनं दंडाच्या कमाल मर्यादेसाठी महिना २२३, म्हणजे वर्षाला २,६७६ डॉलर धरला होता. शिवाय ब्राँझमध्ये डिडक्टिबल मोठं. पहिले काही हजार डॉलर खिशातूनच घालायचे, मग कंपनी हात पुढे करणार. अशा वेळी दंड भरून सुटणाऱ्या तरुणाला अविचारी ठरवणं अन्यायाचं होईल. ज्यांचं उत्पन्न मदतीच्या मर्यादेच्या जरासं वर होतं, त्यांची ओढाताण तर खरीच होती.

पण या वजाबाकीत दोन गोष्टी धरलेल्या नव्हत्या. पहिली, विमा वाटेल तेव्हा मिळत नव्हता. नोंदणीची ठरावीक मुदत टळली, की नोकरी सुटणं, लग्न, बाळाचा जन्म अशा कारणाशिवाय पुढच्या वर्षापर्यंत थांबणं भाग होतं. मार्चमध्ये गाठ लागली, तर जानेवारीची वाट पाहायची. दुसरी, विमा असेल तर त्यात बसणाऱ्या उपचारांवर २०१६ मध्ये एका माणसाच्या खिशातून जास्तीत जास्त ६,८५० डॉलर जाणार होते. विमा नसेल, तर बिलाला कमाल मर्यादाच नाही.

दंडानं काय साधलं? करखात्याच्या आकडेवारीनुसार २०१५ या वर्षासाठी सुमारे ६५ लाख करदात्यांनी सरासरी ४७० डॉलर दंड भरला, तर १ कोटी २७ लाखांनी सूट मागितली. वसुलीत करखात्याचे हात बांधलेले होते. ते रिफंडमधून रक्कम कापू शकत होतं, पण या दंडापायी घरावर किंवा पगारावर टाच आणू शकत नव्हतं.

याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली. आधीच्या वर्षी दंड भरलेल्या सुमारे ४५ लाख घरांना करखात्यानं पत्रं पाठवायचं ठरवलं. तुम्ही दंड भरला आहे, विमा कुठे मिळेल ते पाहा, एवढाच मजकूर. पैसे कमी पडले म्हणून ३९ लाख घरांनाच पत्रं गेली. कोणाला वगळायचं, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. त्यामुळे पत्र मिळालेल्या आणि न मिळालेल्या लोकांची थेट तुलना करता आली. गोल्डिन, ल्युरी आणि मॅककबिन या संशोधकांनी ती केली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. पत्र मिळालेल्यांपैकी जास्त लोकांनी विमा घेतला. शिवाय ४५ ते ६४ वयोगटात पत्र गेलेल्या दर १,६४८ माणसांमागे पुढच्या दोन वर्षांत एक मृत्यू कमी झाला. विमा असण्यानं जीव वाचतो का, या जुन्या वादात इतका ठोस पुरावा क्वचितच हाती आला असेल. आणि तो एका साध्या सरकारी पत्रानं दिला!

दंडाचा शेवट राजकारणानं केला. जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांच्या मतानं कायदा रद्द होता होता वाचला, पण डिसेंबरमध्ये ट्रम्प यांच्या करकायद्यानं दंडाची रक्कम शून्यावर आणली आणि १ जानेवारी २०१९ पासून ही तरतूद लागू झाली. दहा वर्षांत १ कोटी ३० लाख लोक विम्याबाहेर जातील, असा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा तेव्हाचा अंदाज होता. या कायद्यानं उभारलेला विम्याचा बाजार मात्र कोसळला नाही. २०२१ मध्ये सरकारी मदत वाढली आणि २०२५ साठी २ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांनी या बाजारातून विमा घेतला. दंड नसतानाही लोक आले, कारण प्रीमियम आवाक्यात आला होता. ती वाढीव मदत २०२५ अखेरपर्यंतचीच होती, हेही विसरता कामा नये.

मराठी घरांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. एफ-१ व्हिसावर शिकायला गेलेली मुलं साधारणपणे पहिली पाच वर्षं करापुरती अनिवासी असल्यानं या दंडातून सुटली होती. एच-१बीवर नोकरी करणारे मात्र त्यात येत होते. त्यांचा विमा बहुधा नोकरीशी बांधलेला, म्हणजे नोकरी गेली की तोही जातो. देशपातळीवर दंड उरला नसला, तरी मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसी इथं स्थानिक कायद्यानं तो आहे. यातल्या दोन राज्यांत आपली माणसं मोठ्या संख्येनं राहतात.

तिथं असलेल्या मुलामुलींना म्हणून एवढंच सांगा: नोकरी सुटली तर नवा विमा घेण्यासाठी साधारण ६० दिवसांची खास मुदत मिळते, ती वाया घालवू नका. आणि हिशेब मांडताना प्रीमियमशेजारी दंडाचा आकडा लिहू नका. एका अपघाताचं, एका ऑपरेशनचं बिल किती येईल, तो आकडा लिहा आणि मग ठरवा.