बटण दाबले, पण पाणी आले नाही!

समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण त्याआधीच, 2021 मध्ये आणले होते. झोपायला पलंग, रांधायला ओटा आणि कोपऱ्यात शौचालय असलेली भाड्याची गाडी घेऊन लोणार, चिखलदरा, शेगाव करावे, असे आता अनेकांना वाटते. या गाडीत अनेकदा कुरकुरतो तो शौचालयाचा विजेवरचा फ्लश. तो बंद पडला की सहल संपल्यासारखी वाटते. खरे तर बहुतेक वेळा दोष किरकोळ असतो. तो कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा, एवढेच माहीत हवे.

आत असते काय?

घरच्या फ्लशला वर टाकी असते आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली येते. गाडीत तेवढी उंची नसते. म्हणून बटण दाबले की 12 व्होल्टच्या बॅटरीवर एक छोटा पंप फिरतो आणि भांड्यात पाणी सोडतो. काही गाड्यांत फ्लशसाठी वेगळी टाकी आणि तिच्यात बुडालेला पंप असतो. काहींत गाडीचाच मुख्य पंप वापरतात आणि फ्लशच्या नळीवर विजेने उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवतात. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे ताबा घेतानाच विचारून ठेवावे. मैला खालच्या कॅसेटमध्ये, म्हणजे सुमारे वीस लिटरच्या काढता येणाऱ्या टाकीत जमतो. ती भरत आली की लाल दिवा लागतो.

आधी कान, मग हात

वऱ्हाडातला जाणता वायरमन पाना उचलण्याआधी म्हणतो, ‘करंट येऊन रायला का, ते पयले पाय.’ ते पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे बटण दाबून आवाज ऐकणे.

पंप फिरल्याचा आवाज येतो पण पाणी येत नाही, तर टाकी रिकामी आहे, पंपाची जाळी तुंबली आहे किंवा नळीत हवा अडकली आहे. टाकी भरून बटण थोडे-थोडे थांबून दाबले की हवा बहुधा निघून जाते. नुसती घरघर ऐकू आली तर पंपाचा पंखा क्षाराने किंवा कचऱ्याने अडकलेला असतो. अशा वेळी बटण दाबून धरू नये, मोटर जळते. वेगळा पंप नसलेल्या गाडीत ‘टक्’ असा आवाज आला तर व्हॉल्व्हला करंट मिळतो आहे. मग मुख्य पंपाचा स्विच चालू आहे का, ते पाहावे. आणि पाणी थांबतच नसेल तर बटण किंवा व्हॉल्व्ह अडकला आहे. पंपाची वीज लगेच बंद करावी.

आवाजच नसेल तर

इथे क्रम महत्त्वाचा. पहिली बॅटरी. इंजिन सुरू होते म्हणजे बॅटरी ठीक, असे नाही. राहत्या भागाची बॅटरी बहुधा वेगळी असते. गाडी उभी असताना मल्टीमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. आकडा 12च्या खाली गेला तर जवळपास उतरली आहे. दुसरा फ्यूज. उडालेला फ्यूज बदलताना तितक्याच अँपिअरचा घालावा. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून काम भागवण्याची आपली जुनी खोड इथे महागात पडते, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर शॉर्ट आहे. पुढचे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे.

तिसरे बटण. न्हाणीघरातली ओल आत शिरून त्याच्या टोकांवर हिरवट गंज चढतो. टोके घासून कोरडी केली तरी अनेकदा काम होते. शेवटी पंप. बटण दाबलेले ठेवून पंपाच्या दोन तारांवर व्होल्टेज मोजावे. ते पुरेसे असून पंप गप्प असेल तर पंप गेला. तिथे व्होल्टेजच नसेल तर दोष वायरीत किंवा अर्थिंगच्या जोडात आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे जोड हमखास ढिले होतात.

पाणी आणि ऊन

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याला वऱ्हाडी माणूस ओळखून आहे. तिथले बोअरचे खारे, जड पाणी टाकीत भरले तर पंपावर आणि व्हॉल्व्हवर थर चढतो. लिंबूसत्वाचे पाणी काही तास ठेवून टाकी धुतली की थर सुटतो. शौचालयाचे ॲसिड मात्र वापरू नये, रबराची सील खराब होतात. उन्हाळ्यात ही सील कोरडी पडतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे, व्हॅसलीन नको.

रेल्वेचा धडा

चांदूर रेल्वेवरून न थांबता जाणाऱ्या अजनी–पुणे वंदे भारतमध्येही बटणाचाच फ्लश आहे, पण तिथे हवेच्या ओढीने मैला खेचला जातो आणि पाणी फार थोडे लागते. रेल्वेच्या इतर डब्यांत ‘डीआरडीओ’च्या मदतीने बनवलेली जैवशौचालये आहेत. जिवाणूंनी मैला कुजवावा, असे हे तंत्र आहे. पण ‘कॅग’च्या 2017च्या अहवालात या शौचालयांच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा तुंबण्याचा होता. बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कापड यांना जिवाणू काय करणार? कॅरॅव्हॅनचेही तेच. पाण्यात विरघळणाऱ्या कागदाखेरीज काहीही भांड्यात टाकू नये.

काही गोष्टी निघण्याआधी

महामार्गावर गाडी थांबवून दुरुस्ती करू नका. महामार्गाबाहेर पडून सुरक्षित जागा गाठा. मेकॅनिकला फोनवर नुसते ‘चांदूर’ सांगू नका, याच जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे. आणि कॅसेट नाल्यात किंवा कुणाच्या धुऱ्यावर रिकामी करू नका. हॉटेल किंवा पेट्रोल पंपाच्या मालकाची परवानगी घेऊन सेप्टिक टाकीच्या शौचालयातच ओता. त्यासाठी कॅसेटमध्ये फॉर्मल्डिहाइड नसलेलेच औषध घाला, नाहीतर सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात. फ्लश बिघडला तर त्रास आपल्या एका कुटुंबाला होतो. कॅसेट चुकीच्या जागी ओतली तर सगळ्या गावाला.