आपला आराखडा आपल्या हाती : सर्किट बोर्डासाठी सॉफ्टवेअरची निवड

रेडिओ, विजेचे मीटर किंवा मोबाईलचा चार्जर उघडून पाहिला असता आत बहुधा हिरव्या रंगाची एक पातळ पाटी दिसते. तिच्यावर सुटे भाग बसविलेले असतात व तांब्याच्या बारीक रेषांनी ते परस्परांशी जोडलेले असतात. हीच पाटी सर्किट बोर्ड अथवा पीसीबी या नावाने ओळखली जाते. पूर्वी हौशी मंडळी तांब्याचा थर असलेल्या पाटीवर शाईने रेषा काढीत आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणात उरलेले तांबे विरघळवून बोर्ड तयार करीत. ही पद्धत आजही उपयोगी आहे. परंतु रेषा आखण्याचे काम आता संगणकाकडे आले आहे. यास्तव कोणते सॉफ्टवेअर स्वीकारावे, हा प्रश्न प्रत्येक नवागतापुढे उभा राहतो.

आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा हे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वरील मंडलाचे ठिकाण. कुंटाला धबधब्यामुळे या मंडलाचे नाव दूरवर पोहोचले आहे. जिल्ह्यात तेलुगू व गोंडीबरोबर मराठी बोलणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. येथून हैदराबाद आणि नागपूर ही दोन्ही शहरे दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर. अशा गावातील एखाद्या विद्यार्थ्यास वा विज्ञानशिक्षकास शेतीच्या टाकीसाठी पाण्याची पातळी दर्शविणारे यंत्र करावयाचे झाल्यास दुकान दूर, जाणकार दूर आणि पैसा मोजका, अशी परिस्थिती असते. म्हणूनच सॉफ्टवेअरची निवड येथे अधिक विचारपूर्वक करणे आवश्यक ठरते.

सॉफ्टवेअर करते काय?

या कामाचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात सर्किटची आकृती काढली जाते. कोणता ट्रान्झिस्टर कोणत्या रोधकास जोडावयाचा हे तीत चिन्हांनी दाखविले जाते. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक भागाचे खरे आकारमान विचारात घेऊन बोर्डावर त्याची जागा ठरविली जाते आणि तांब्याच्या रेषा आखल्या जातात. एखादी जोडणी राहून गेली किंवा दोन रेषा फार जवळ आल्या, तर सॉफ्टवेअर तशी सूचना देते. तिसऱ्या टप्प्यात कारखान्यासाठी फाइली तयार होतात. यांपैकी गर्बर हा नमुना बोर्ड तयार करणारे बहुतेक सर्व कारखाने स्वीकारतात. म्हणजे आराखडा कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये केला तरी शेवटी गर्बर फाइली मिळाल्या की बोर्ड कोठूनही करून घेता येतो.

मात्र गर्बर फाइल ही छापलेल्या पानासारखी असते. तीवरून बोर्ड होतो. परंतु आराखड्यात सुधारणा करणे अवघड जाते. सुधारणेसाठी मूळ फाइलच लागते व ती उघडणारे सॉफ्टवेअरही लागते. निवडीचे खरे मर्म येथेच आहे.

ईगलचा धडा

जर्मनीतील कॅडसॉफ्ट कंपनीचे ईगल हे सॉफ्टवेअर १९८८ साली बाजारात आले आणि अनेक वर्षे जगभरच्या हौशी मंडळींचे आवडते ठरले. त्याच्या विनामूल्य आवृत्तीत बोर्डाचे क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर व तांब्याचे थर दोन, अशी मर्यादा होती. तथापि छोट्या कामास ती पुरेशी होती. २०१६ मध्ये ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने ते विकत घेतले. २०१७ पासून एकरकमी परवान्याऐवजी वर्गणीची पद्धत सुरू झाली. पुढे जून २०२३ मध्ये, ७ जून २०२६ पासून ईगलची विक्री व साहाय्य बंद होईल, असे कंपनीने जाहीर केले. ज्यांनी वर्षानुवर्षे आपले आराखडे त्यात जतन केले होते, त्यांना दुसरी सोय शोधणे भाग पडले.

यात कोणी फसवणूक केली असे नव्हे. विक्रेत्यास आपला माल बंद करण्याचा अधिकार असतोच. परंतु ज्याचे काम दुसऱ्याच्या दुकानात ठेवलेले आहे, त्याने दुकान बंद होण्याचाही विचार करून ठेवावा, हा बोध यातून मिळतो.

उपलब्ध पर्याय

किकॅड या सॉफ्टवेअरचा आरंभ १९९२ मध्ये फ्रान्समधील ज्यां-पिएर शारा यांनी केला. २०१३ पासून जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेने त्याच्या विकासास हातभार लावला. ते मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते, इंटरनेटवाचून चालते आणि ईगलच्या फाइलीही आयात करू शकते. त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात. प्रारंभी ते शिकण्यास काहीसा वेळ लागतो व एकदा मोठी फाइल उतरवून घ्यावी लागते, या त्याच्या अडचणी होत.

ईझीईडीए हे चिनी सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते. सुट्या भागांचा मोठा संग्रह हाताशी असल्याने ते नवशिक्यास सोपे वाटते. मात्र नेहमीच्या वापरात खाते व इंटरनेट लागते आणि आराखडे कंपनीच्या संगणकावर राहतात. ते वापरणाऱ्याने प्रत्येक कामाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

जर्मनीतील पॉट्सडॅम येथे निर्माण झालेले फ्रिट्झिंग हे ब्रेडबोर्डवरील जोडणीचे चित्र काढण्यास उत्तम असून वर्गात समजावून सांगण्यास उपयुक्त आहे. मोठ्या बोर्डासाठी मात्र ते अपुरे पडते.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेले ईसिम हे सॉफ्टवेअर विशेष उल्लेखनीय होय. किकॅड आणि एनजीस्पाइस यांची त्यात सांगड घातली असल्याने सर्किट प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी ते कसे चालेल, हे संगणकावर पाहता येते. याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात किकॅडवरील पाठमाला आहे. ती जुन्या आवृत्तीवर आधारलेली असली तरी मूळ कल्पना समजण्यास पुरेशी आहे. या प्रकल्पाचे विविध विषयांवरील अनेक पाठ मराठी व तेलुगूतही उपलब्ध आहेत.

निवड कशी करावी?

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. इंटरनेट बंद असता ते चालते काय? शाळेतील वा घरच्या संगणकास ते पेलते काय? गर्बर फाइली देते काय? आणि कंपनी उद्या बंद पडली तरी आपली मूळ फाइल उघडता येईल काय? या कसोट्यांवर बहुतेक हौशी व्यक्तींसाठी व शाळांसाठी किकॅड सरस ठरते. महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत मात्र कोणीही वापरू नये. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यासोबत संगणकात विषाणू शिरण्याचा धोका असतो.

शाळेत सर्व संगणकांवर एकच आवृत्ती ठेवावी; कारण नव्या किकॅडमध्ये जतन केलेली फाइल जुन्या किकॅडमध्ये उघडत नाही. पहिले काम लहान घ्यावे. चार-पाच ट्रान्झिस्टर व तितकेच दिवे असलेला, बॅटरीवर चालणारा पाणीपातळी दर्शक यासाठी योग्य होय. घरी बोर्ड करावयाचा असल्यास रेषा किमान अर्धा मिलिमीटर रुंद ठेवाव्यात. आराखडा मूळ आकारात कागदावर छापून सुटे भाग त्यावर ठेवून पाहावेत. नेहमीच्या आयसीच्या दोन लगतच्या पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर असते, ते जुळते की नाही हे तेव्हाच कळते. कागदावरची चूक खोडता येते. तांब्यावरची चूक पैसे घेऊन जाते.

काम संपल्यावर मूळ फाइल, गर्बर फाइली व भागांची यादी एकत्र करून पेन ड्राइव्हवर ठेवावी. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी तोच आराखडा उघडून त्यात भर घालील, तेव्हा ज्ञान गावातच राहिले व वाढले, असे म्हणता येईल.