पुरावा कशाला म्हणायचं?

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग 1907 साली निघाला. आपली अहिराणी त्यात ‘खानदेशी’ या नावाने भिल्ली बोलींच्या पंगतीला बसवली आहे. मराठीचा खंड वेगळा. नमुने गोळा करायची रीत साऱ्या सर्वेक्षणाला एकच होती. बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा बोलीतला तर्जुमा, जोडीला एखादा स्थानिक मजकूर आणि ठरावीक शब्दांची, वाक्यांची यादी. हिंदुस्थानी मन दुखावू नये म्हणून गोष्टीतले काही शब्द बदलण्याची काळजीही घेतली होती. म्हणजे जात्यावर आणि कानबाईच्या उत्सवात जी बोली गाते, तिची परीक्षा झाली ती येशूने सांगितलेल्या बापलेकाच्या गोष्टीवर. भाषांची तुलना करायची तर सगळ्यांना एकच मजकूर हवा, हे कबूल. शंभर वर्षांपूर्वी अहिराणी कशी बोलली जायची हे पाहायला आज आपणही तोच खंड उघडतो. पण तो मजकूर कोणता, हे बोलणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पाश्चात्त्य ज्ञानपद्धतीवरचा हा आक्षेप आता विद्यापीठांतून ‘निर्वसाहतीकरण’ अशा जडशीळ नावाने शिकवला जातो. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांचं या विषयावरचं पुस्तक 1999चं. संशोधकाने प्रश्न ठरवायचे आणि ज्याच्यावर संशोधन चाललंय त्याने फक्त उत्तरं द्यायची, ही वाटणी त्यांना मान्य नाही. आपल्याकडे हे भांडण त्याच्या शंभर वर्षं आधी जुंपलं होतं, आणि त्यातले दोन खंदे भांडखोर धुळ्याच्या खात्यावर जमा आहेत.

पहिले इतिहासाचार्य राजवाडे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली आला आणि पुढे कितीतरी काळ मराठी माणसाने आपला इतिहास त्याच्याच तोंडून ऐकला. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पानिपतच्या आगेमागचा पत्रव्यवहार त्यात छापला आणि प्रस्तावनेत डफची झाडाझडती घेतली. वाडे, माळे, वाण्याच्या रद्दीच्या वाटेवरची दप्तरं धुंडाळत ते गावोगाव हिंडले. लिहिलं ते मराठीतच. इंग्रजीत लिहायचं नाही हा हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं, आणि त्यांचे कागद सांभाळणारं संशोधन मंडळ त्याच गावात उभं राहिलं.

राजवाड्यांचा दंडक होता अस्सल कागदाचा. हा दंडक युरोपातल्या इतिहासकारांनाही परका नव्हता. मग अडचण वेगळीच निघते. दप्तर ज्याच्या घरात, इतिहास त्याच्या घरचा. सातपुड्यातल्या भिल्लाच्या झोपडीत कुठलं आलंय दप्तर? त्याची नोंद सापडते ती महसुलाच्या नाही तर बंडाव्याच्या कागदात, म्हणजे त्याला धरायला निघालेल्यांच्या अक्षरात. शिवाय राजवाड्यांची लेखणी स्वजनांतही सरळ चालली नाही. कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिलं त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1918 साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून सडेतोड उत्तर दिलं. साहेबाच्या पूर्वग्रहावर तुटून पडणाऱ्याला स्वतःचा दिसतोच असं नाही.

दुसरे कॉम्रेड शरद पाटील (1925–2014). चित्रकला शिकलेला हा माणूस कम्युनिस्ट पक्षात गेला, धुळे जिल्ह्यात शेतकरी-आदिवासींमध्ये राबला आणि 1978 साली मार्क्सवादी पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून बसला. तक्रार पद्धतीची होती. वर्ग हे युरोपच्या कारखान्यातून आलेलं हत्यार. त्याने भारतातली जात उकलत नाही, जातीआधीची वर्णव्यवस्था तर नाहीच. मग त्यांनी पाणिनीच्या व्याकरणासाठी बडोदा गाठलं आणि संस्कृत शब्दांच्या पोटात समाजरचनेचे थर शोधू लागले. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’त त्यांनी मांडलं, की वेदांत अशुभ देवता म्हणून उरलेली निर्ऋती ही मुळात शेतीवर हुकमत असलेल्या स्त्रीसत्तेची खूण आहे. तर्कासाठी दिङ्नाग-धर्मकीर्ती हे बौद्ध आचार्य घेतले. पण मार्क्स टाकला नाही. त्याला फुले-आंबेडकरांच्या शेजारी बसवलं.

शब्दांच्या व्युत्पत्तीवर इतका भार टाकणं मला तरी धोक्याचं वाटतं. ती ओढ राजवाड्यांनाही होती, आणि तिने दोघांनाही कधी कधी भलतीकडे नेलं. पण पाटलांनी एक गाठ अचूक पकडली: परकी पद्धत टाकली म्हणजे देशी पद्धत आपोआप सगळ्यांची होत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांच्या देशीवादालाही हा प्रश्न विचारावा लागतो. देशी म्हणजे कुणाचं? वाड्यातलं, वावरातलं की पाड्यावरचं?

पाड्यावर हा वाद पुस्तकी राहत नाही. तिथे त्यावर जमीन मिळते किंवा जाते. 2006च्या वनहक्क कायद्याखाली यावल-चोपड्यापासून साक्री-शिरपूरपर्यंतचे आदिवासी दावे करतात, तेव्हा पुराव्याची यादी 2008च्या नियमांतल्या तेराव्या नियमात सापडते. सरकारी कागद, नकाशे तर आहेतच. पण दावेदार सोडून इतर म्हाताऱ्याकोताऱ्यांचं लेखी नोंदवलेलं सांगणं, जुना बांध, विहीर, स्मशान, देवाची जागा, वंशावळ हेही चालतं. 2012च्या दुरुस्तीने तर उपग्रहाची चित्रं पुराव्याला पूरक म्हणून वापरा, त्याच्या जागी नको, असं बजावलं. तरी कचेरीत पहिला प्रश्न बहुधा कागदाचाच पडतो. वडाखालच्या देवाला सातबारा नसतो, हे बाबूला पटवायला पुन्हा त्याच नियमाची झेरॉक्स काढावी लागते.

गंमत अशी, की त्याच तेराव्या नियमात गॅझेटिअरचंही नाव आहे. इंग्रजांनी 1880 साली काढलेल्या खानदेश गॅझेटिअरमध्ये भिल्लांविषयी साहेबी तोऱ्यातली कितीतरी विशेषणं आहेत. पण इथले लोक इथेच राहत होते, एवढं तरी त्यात छापलेलं आहे, आणि दाव्याच्या फायलीला तेवढं पान जोडता येतं.