प्लग चालतो आहे, म्हणून ठेवावा का?

चादरी-टॉवेलचा माल घेऊन दर आठवड्याला सोलापूर-पुणे फेरी करणाऱ्या गाडीचे येऊन-जाऊन सुमारे ५०० किलोमीटर होतात. म्हणजे वर्षाला २६ हजार. कंपनीच्या पुस्तकात साध्या निकेलच्या प्लगची मुदत २० हजार किलोमीटर दिली असेल, तर ती नऊ महिन्यांतच भरते. तरी 'गाडी चालते आहे ना, मग प्लग कशाला बदलायचा?' हा सवाल गॅरेजात रोज ऐकू येतो. (डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. ही चर्चा पेट्रोल व सी.एन.जी. गाड्यांपुरती आहे.)

प्लग बल्बसारखा एकदम जात नाही. इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग मिनिटाला १२५० वेळा ठिणगी टाकतो. ताशी ६० किलोमीटरने २० हजार किलोमीटर होईपर्यंत हा आकडा अडीच कोटींवर जातो. दर ठिणगीला टोकाचा धातू कणभर झिजतो, कडा गोल होतात आणि मधली फट, ज्याला मिस्त्री गॅप म्हणतात, वाढत जाते. फट वाढली की ठिणगी पाडण्यास कॉईलला जास्त विजेचा दाब द्यावा लागतो. चढावर किंवा भरल्या मालाने गाडी अडखळते, ॲव्हरेज उतरते. हे इतके हळूहळू होते की चालविणाऱ्याला त्याची सवय होऊन जाते.

खरा तोटा पुढे आहे. ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते आणि तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. कॉईलवरही ताण येतो. या दोन्ही वस्तूंपुढे प्लगच्या संचाची किंमत किरकोळ आहे.

सी.एन.जी. वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. गॅसवर ठिणगी पाडण्यास पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामुळे तोच प्लग लवकर थकतो. पेट्रोलवर गाडी ठीक चालते आणि गॅसवर घेताच मिसिंग होते, तेव्हा किटला दोष देण्यापूर्वी प्लग काढून पाहावेत. बाहेरून किट बसविलेल्या गाडीत केवळ पेट्रोलची मुदत धरून चालू नये.

विजापूर वेशीतून एम.आय.डी.सी. आणि परत, एवढेच फिरणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. प्लगचे टोक सुमारे ४५० अंशांपर्यंत तापले की त्यावरची काजळी आपोआप जळते. छोट्या फेऱ्यांत ते तेवढे तापत नाही. अशा गाडीचे किलोमीटर कमी असले तरी प्लग काळा पडतो. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक; कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त जाते; तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील तपासावेत; पांढरे व फोड आलेले असेल तर इंजिन फार तापते आहे. सोलापूरचा उन्हाळा कडक म्हणून वेगळ्या नंबरचा प्लग घालण्याची टूम काही ठिकाणी आहे. तिची गरज नाही. पुस्तकातला नंबरच घालावा.

पूर्वी, कार्बोरेटरच्या गाड्यांत, प्लग घासून, गॅप जुळवून पुन्हा बसवीत. शिसेयुक्त पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले, तोवर त्या शिशाचा थरही प्लगवर बसे. आता अनेक गाड्यांत इरिडियमचे प्लग येतात. ते ६० हजार ते एक लाख किलोमीटर चालतात. त्यांचे टोक सुईसारखे बारीक असते, त्याला ब्रश लावू नये.

आमच्या मिस्त्री बांधवांसाठी दोन शब्द. प्लग थंड इंजिनावरच काढावा. हेड ॲल्युमिनियमचे असते, आटे गेले तर खर्च गिऱ्हाइकाचा आणि बदनामी आपली. नवा प्लग आधी हाताने बसवावा. तो टेकल्यावर नव्या वॉशरच्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. नामांकित कंपन्यांच्या डब्यांत नकली प्लगही विकले जातात, म्हणून पक्के बिल घेऊनच माल आणावा. काढलेले जुने प्लग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत आणि बदलल्याचे किलोमीटर बिलावर लिहावेत.