समूहाच्या संकेतस्थळासाठी आशय-व्यवस्थापन प्रणालीची निवड

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची कल्पना करा. पुस्तके कपाटांत असतात. कोणते पुस्तक कोठे आहे, ते कोणी नेले, हे नोंदवहीत असते. आणि कोणास काय करता येईल हे नियमांनी ठरलेले असते. पुस्तके शंभर असताना कोणतीही वही चालते. ती दहा हजार झाली म्हणजे वहीची आखणी चुकली होती हे ध्यानात येते, परंतु तोवर ती बदलणे अतिशय कष्टाचे झालेले असते. अनेकांनी मिळून चालविलेल्या संकेतस्थळाचेही असेच आहे. तेथे वही, कपाट आणि नियम या तिन्हींचे काम जे सॉफ्टवेअर करते, त्यास आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात.

तिचे कार्य कसे चालते? वाचकास दिसणारे पान बहुधा तयार स्वरूपात साठविलेले नसते. मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि पानाची मांडणी निराळ्या साच्यात असते. वाचकाने पान मागताच प्रणाली या दोहोंचा मेळ घालून ते त्याच्यापुढे ठेवते. म्हणूनच साचा बदलला तरी मजकुरास धक्का लागत नाही, आणि ज्यास संगणकाची भाषा येत नाही असा मनुष्यही लेखन करू शकतो.

लिहिणार कोण?

निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारावा. थोडे लोक लिहितात व पुष्कळ लोक वाचतात अशी स्थिती असेल तर २००३ साली निघालेली वर्डप्रेस ही प्रणाली सोयीची पडते. लेख, कार्यक्रम, सभासद असे नाना प्रकारचे आशय असतील आणि प्रत्येकास वेगळे अधिकार द्यावयाचे असतील, तर ड्रुपलचा विचार करावा. बेल्जियममधील ड्रीस बाउटार्ट या विद्यार्थ्याने ती २००१ साली सर्वांस खुली केली. एकाच पानावर अनेकांनी सुधारणा करावयाच्या असतील, तर मीडियाविकी योग्य ठरते. या तिन्ही प्रणाली विनामूल्य मिळतात, आणि त्यांची घडण कोणासही तपासता व बदलता येते.

विकिपीडियाचा अनुभव

चुकीची किंवा अपुरी प्रणाली घेतल्यास काय होते, हे विकिपीडियाच्या इतिहासावरून कळते. हा मुक्त ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तेव्हा तो यूजमॉडविकी नावाच्या लहानशा प्रणालीवर चालत असे. ती प्रत्येक पान साध्या फाइलमध्ये ठेवी आणि पानाच्या जुन्या आवृत्त्या काही काळाने पुसून टाकी. लहान समूहाला ते पुरेसे होते. परंतु लेख झपाट्याने वाढू लागले. तेव्हा माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने डेटाबेसवर आधारलेली नवी प्रणाली लिहिली, आणि जानेवारी २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडिया तिच्यावर आणण्यात आला. वाढत्या भारापुढे तीही मंदावली; म्हणून ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने लिहिली व जुलै २००२ मध्ये ती वापरात आली. तिलाच पुढे २००३ साली मीडियाविकी हे नाव मिळाले.

दरम्यान पहिल्या महिन्यांतील पुष्कळ संपादनांची नोंद नाहीशी झाली होती. कोणी काय लिहिले व कोणी काय खोडले, हा समूहाच्या परस्पर विश्वासाचा पाया असतो. सुदैवाने डिसेंबर २०१० मध्ये एक जुनी प्रत सापडली आणि त्या नोंदींचा मोठा भाग परत मिळाला. परंतु दैवावर विसंबणे म्हणजे व्यवस्था नव्हे.

लिपी आणि बाहेर पडण्याची वाट

दुसरा प्रश्न लिपीचा. संगणक अक्षरे अंकांच्या रूपाने साठवितो. जगातील लिप्यांना एकच अंकसूची असावी या हेतूने युनिकोड निर्माण झाले, आणि १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. तथापि इंग्रजी विकिपीडिया २००५ पर्यंत पश्चिम युरोपीय भाषांपुरत्याच मर्यादित अशा संकेतावर चालत होता! मराठी समूहाने नवी प्रणाली घेण्यापूर्वी जोडाक्षरांचे शब्द तिच्यात लिहून, शोधून व वर्णानुक्रमे लावून पाहावेत.

तिसरा प्रश्न बहुतेकांच्या मनात येत नाही: उद्या ही प्रणाली सोडावी लागली तर? सर्व मजकूर, जुन्या आवृत्त्या व लेखकांची नावे यांसह, इतर प्रणालींना वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात बाहेर काढता आला पाहिजे. हे आरंभीच दहा-वीस पानांवर करून पाहावे. त्याचबरोबर सुरक्षिततेच्या सुधारणा नियमित निघतात की नाही, आणि त्या बसविण्याचे काम आपल्यापैकी कोण करणार, हेही ठरवावे. उत्तम प्रणालीसुद्धा देखभालीवाचून धोक्याची होते.

सारांश, सर्वांत श्रेष्ठ अशी एक प्रणाली नाही. समूहाची कामाची रीत, त्याची लिपी आणि त्याचा वाढता पसारा यांना जी साजेल ती त्याच्यापुरती श्रेष्ठ. प्रणाली आज ना उद्या बदलेल. लोकांनी परिश्रमपूर्वक लिहिलेला मजकूर मात्र टिकला पाहिजे. निवड करताना हे ध्यानी ठेवले म्हणजे पुष्कळशा चुका टळतात.