बऱ्हाणपूरच्या कांड्या

आम्हा रावेरकडच्या लोकांना बऱ्हाणपूर कधी परकं वाटलं नाही. मधे राज्याची हद्द लागते, एवढंच. कापडाला, लग्नाच्या बस्त्याला माणसं तिकडे जात आली आहेत आणि तिथल्या बाजारात मराठीवर भागतं. तरी कितीतरी वर्षं मी ते शहर बेगमांचं शहर म्हणूनच पाहत होते.

त्याला कारणही आहे. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल इथेच गेली, चौदाव्या बाळंतपणात. मुलगी जगली, तिचं नाव गौहर आरा. मुमताजला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं आणि त्याच वर्षाअखेरीस आग्र्याला नेलं. किल्ल्यातला जनानी हमाम, त्याच्या छतावरची नक्षी, शाह शुजाच्या बेगमेची कबर, बीबीची मशीद हे सगळं वाटाडे दाखवतात. पण त्याच काळात, १६३०-३२ च्या दुष्काळात गुजरात-दख्खनमध्ये माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्यातल्या विणकरांच्या बायकांची कबर कुणी दाखवत नाही.

फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकात इथून गेला. बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं आणि तिकडच्या बायका त्याच्या ओढण्या करतात, असं त्याने नोंदवलं आहे. त्या ओढण्यांचं सूत कुणी कातलं, धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या कुणी भरल्या? हातमागाच्या घरात ही कामं बायकांची. मागावर बसायचा पुरुष, म्हणून विणकर म्हटलं की तोच.

हरीरपुरा, मोमीनपुरा ही मोहल्ल्यांची नावं अजून आहेत. हरीर म्हणजे रेशीम. विसाव्या शतकात हातमाग मागे पडले, यंत्रमाग आले आणि खडखडाट शेडमध्ये गेला. कांडी मात्र पुष्कळ ठिकाणी घरातच राहिली. अशा एका घरी मी दुपारभर बसले होते. त्या घरातल्या बाईंच्या, खालांच्या, समोर चुलीएवढ्या जागेत कांडी भरायचं छोटं यंत्र. बाजूला सुताचा कोन. धागा आकड्यातून येऊन कांडीवर चढत होता आणि त्यांचं एक बोट सतत त्यावर टेकलेलं. बोलणं चालू, नजर दुसरीकडे. धागा तुटला की ते बोटालाच कळायचं. अंगठ्याने दाबून, वळवून गाठ पडायची आणि ती गाठ मला शोधूनही सापडली नाही. मधेच वीज गेली. तेवढ्यात त्यांनी कणीक मळून घेतली. काय काम करता, असं विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही, घरीच असते.

मुसलमान बाईविषयी आपण बोलतो ते बुरख्यावर आणि तलाकवर. तलाकचा प्रश्न खोटा नाही. पोटगीसाठी कोर्टात गेलेली शाहबानो इंदूरची, म्हणजे बऱ्हाणपूरच्याच राज्यातली. तिला न्यायालयाने आधी महिना २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तो बोथट केला. एका दमात दिलेला तलाक २०१७ मध्ये रद्दबातल ठरला, हे चांगलंच झालं. पण खालांशी बोलताना हा विषय फार थोडा वेळ टिकला. त्यांना बोलायचं होतं ते मुलीच्या बारावीबद्दल आणि कांड्यांच्या दराबद्दल. नवरा सोडून गेला तर पोटगीआधी हातात काय असेल, याचा हिशोब त्यांनी केव्हाच केलेला होता. मला तो वकिलांच्या युक्तिवादापेक्षा खरा वाटला.

घरातल्या घरात मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२१ पासून सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर अशा कामगारांना नाव घालता येतं, पण जी स्वतःला कामगारच म्हणत नाही ती नाव घालणार कशी?

मत मागायला मात्र सगळे येतात. २०२२ मध्ये बऱ्हाणपूरचं महापौरपद महिलेसाठी राखीव होतं. काँग्रेसच्या शहनाज अन्सारी भाजपच्या माधुरी पटेल यांच्याकडून अवघ्या ५४२ मतांनी हरल्या. त्या निकालाची चर्चा पक्षांच्या गणितात संपली. अन्सारी हे विणकरांचं आडनाव, पण कांडीचा दर त्या चर्चेत आलाच नाही.

आता कोण काय काम करतं हेही विचारणारी जनगणना आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. प्रगणक म्हणून बहुतेक शिक्षकच जातात, बऱ्हाणपुरातही, मालेगावातही आणि भिवंडीतही. गुरुजी, बाई, तुमच्यापैकी कुणी अशा दारात उभे राहिलात आणि आतून 'घरीच असते' असं उत्तर आलं, तर लगेच लिहू नका. आत यंत्र फिरतंय का ऐका, आणि पुन्हा एकदा विचारा.