सुतासारखं सरळ म्हणजे किती सरळ?

माणसाचा स्वभाव बदलता येतो का, या प्रश्नाभोवती आपली ही व्याख्यानं फिरत आहेत. आज तो प्रश्न आपण आधी एका वाकड्या लाकडाला विचारणार आहोत. धनुष्य करायचं आहे, आणि हाती आलेला दांडा वाकडा आहे. आता काय करायचं? एवढाच आजचा विषय. पण तो वाटतो तितका लहान नाही.

मराठीत या बाबतीत दोन वाक्प्रचार आहेत. एक, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. दुसरा, 'सुतासारखा सरळ करीन'. पहिल्याचा अर्थ, सरळ करणं शक्यच नाही. दुसऱ्याचा अर्थ, ते अगदी सोपं आहे, फक्त छडी हवी. गंमत अशी की आपण हे दोन्ही एकाच मुलाबद्दल, कधीकधी एकाच दिवशी बोलतो. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. मग खरं काय?

तत्त्वज्ञांनीही या वादासाठी लाकूडच निवडलं आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात चीनमध्ये मेन्शियस आणि गाओझी यांचा वाद झाला. गाओझीचं म्हणणं, माणसाचा स्वभाव विलोच्या झाडासारखा आणि सदाचार त्या लाकडाच्या वाट्या-पेल्यांसारखा. मेन्शियसनं विचारलं, पेले घडवताना तुम्ही झाडाच्या स्वभावाला धरून चालता की त्याला इजा करता? इजा करत असाल, तर माणूस चांगला करण्यासाठी माणसालाही इजा करणार का? पुढच्या शतकात श्युन्झीनं उलट बाजू घेतली. त्याच्या मते वाकडं लाकूड आपोआप सरळ होत नाही. त्याला वाफ द्यावी लागते, साच्यात दाबावं लागतं, आणि माणसालाही तसेच गुरू व नियम लागतात. आणि १७८४ सालच्या एका निबंधात इमान्युएल कान्टनं तर माणूस नावाच्या लाकडाकडून पूर्ण सरळपणाची अपेक्षाच सोडून द्यायला सांगितली.

एक म्हणतो इजा करू नका, दुसरा म्हणतो साच्यात घाला, तिसरा म्हणतो आशा सोडा. तिघांनाही बाजूला बसवून आपण धनुष्य करणाऱ्याकडे जाऊ. कारण त्याला मत देऊन भागत नाही. त्याचं चुकलं तर धनुष्य हातात मोडतं.

उदाहरण उत्तर अमेरिकेतलं घेऊ. आजच्या टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा या भागात 'ओसेज ऑरेंज' नावाचं झाड मूळचं आहे. नावात संत्रं असलं तरी संत्र्याशी त्याचं नातं नाही; ते आपल्या तुतीच्या आणि फणसाच्या कुळातलं. ओसेज आणि इतर मूलनिवासी लोक त्याची धनुष्यं करत, म्हणून फ्रेंचांनी त्याला 'बुआ दार्क', म्हणजे धनुष्याचं लाकूड, असं नाव दिलं. गाभ्याचं लाकूड पिवळंजर्द, जड आणि चिवट. पण सरळ दांडा मिळणं मुश्कील. एकोणिसाव्या शतकात, काटेरी तार येण्यापूर्वी, तिकडच्या गवताळ मैदानांवर शेताला कुंपण म्हणून हीच काटेरी झाडं ओळीनं लावली गेली. कुंपणातलं झाड छाटलं जातं, चहूकडून ऊन मिळतं म्हणून वाटेल तिकडे फांदतं. दाट रानात मात्र झाडं उजेडासाठी एकमेकांशी स्पर्धा करत उंच आणि सरळ वाढतात. हे निरीक्षण कान्टच्या त्याच निबंधात आहे, वाकड्या लाकडाच्या जरासं आधी.

म्हणजे पहिली गोष्ट लक्षात घेऊ. लाकडाचा वाकडेपणा हा त्याचा गुन्हा नसतो, तो त्याचा इतिहास असतो. उतारावर उगवलेलं झाड, वाऱ्याच्या तोंडावरचं झाड, शेजाऱ्याच्या सावलीतून बाहेर पडू पाहणारं झाड, प्रत्येकानं ज्या परिस्थितीत उभं राहायचं होतं तिला दिलेलं ते उत्तर असतं. आणि हे उत्तर वरवरचं नसतं. लाकडाचे तंतू त्या वळणानंच वाढलेले असतात.

इथे सोपा उपाय सुचतो. करवत घ्या, मधोमध सरळ रेघ मारा आणि कापा. दिसायला दांडा सुतासारखा सरळ! पण आत काय झालं? रेघ सरळ गेली आणि तंतू वळणानं गेले. म्हणजे जागोजागी तंतू कापले गेले. टेबलाच्या पायाला हे चालेल. धनुष्याला चालत नाही. धनुष्य ओढलं की त्याची बाहेरची, म्हणजे निशाणाकडची बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते. ताणलेल्या बाजूवर जिथे तंतू कापला गेला असेल, तिथूनच सालपट उचकटतं आणि धनुष्य तुटतं. म्हणून जाणकार ओंडका कापत नाहीत, पाचर मारून फाडतात. फाडलेलं लाकूड आपल्या तंतूंनीच वेगळं होतं. बाहेरच्या बाजूला झाडाचं एकच वार्षिक वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राखतात. बाजूंचा आकारही तंतू वळतील तसा वळवतात.

मग वाकडेपणाचं काय? आता सूत घ्यायचं. दांड्याच्या एका टोकाच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मध्यापर्यंत दोरा ताणायचा आणि बघायचं, तो मुठीवरून कुठून जातो. मुठीच्या मधोमध जात असेल तर पुष्कळसं काम झालं. मधल्या भागात लाकूड थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे नागमोडी गेलं असलं तरी धनुष्य उत्तम चालू शकतं. अशी सापासारखी दिसणारी धनुष्यं लोक वापरतात. पण दोरा मुठीच्या बाहेर पडत असेल, तर दोरी चढवल्यावर बाहू पिळवटतो, दोरी एका बाजूला घसरू पाहते. हा वाकडेपणा मात्र काढावाच लागतो.

'सुतार' हा शब्द 'सूत्रधार'पासून आला. सूत धरणारा तो सुतार. आणि धनुष्याच्या बाबतीत हे सूत तीनच ठिकाणं बघतं, दोन टोकं आणि मूठ. बाकी वळणांना ते हरकत घेत नाही. आपण मात्र 'सुतासारखा सरळ' म्हणताना संपूर्ण लांबीभर रेघ मागतो. काय सरळ करायचं आणि काय तसंच राहू द्यायचं, हा निवाडा आधी, हत्यार नंतर.

आता प्रत्यक्ष सरळ करणं. थंड लाकूड जोर लावून वाकवलं तर दोनच गोष्टी होतात. सोडल्यावर ते जागच्या जागी परत येतं, किंवा मोडतं. परत येतं ते कुत्र्याचं शेपूट. म्हणजे ती म्हण खोटी नाही, पण ती थंड लाकडापुरती खरी आहे. नळीत जोर आहे, उष्णता नाही.

उष्णतेनं काय होतं? लाकडात सेल्युलोजचे लांब तंतू असतात आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. ओलसर लाकूड पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास तापलं की लिग्निन मऊ पडतं. तंतू तुटत नाहीत, पण त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि ते किंचित सरकू शकतात. या अवस्थेत लाकूड वळवायचं, शिकंज्यात धरायचं आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. थंड होताना लिग्निन पुन्हा घट्ट होतं, या वेळी नव्या जागी.

वाफेनं करायचं तर जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर वाफ द्यावी, असा ठोकताळा आहे. बाहेर काढल्यावर हातात मिनिटभराचाच वेळ असतो, म्हणून ठोकळे आणि शिकंजे आधीच मांडून ठेवायचे. दांडा बराचसा घडून झाल्यावर लहानसहान दुरुस्ती कोरड्या उष्णतेनं करतात, निखाऱ्यावर किंवा हल्ली हीट गननं. त्या जागेला थोडं तेल लावतात, म्हणजे लाकूड करपत नाही. घाई केली तर वरचा पापुद्रा जळतो आणि गाभा थंडच राहतो. मग वळवायला गेलं की आतून चीर जाते. थोडं परत येईल हे धरून गरजेपेक्षा किंचित जास्त वळवायचं. आणि गाठीच्या जागी जोर लावायचा नाही. गाठीभोवती तंतू वळसा घालून गेलेले असतात. तिथे जबरदस्ती केली की ते फाटतात. गाठ तशीच ठेवायची, तिच्याभोवती थोडं जास्त लाकूड राखायचं आणि वळवायचं ते तिच्या अलीकडे-पलीकडे.

सरळ झालं, पण काम संपलं नाही. कोरड्या उष्णतेनं त्या जागेतला ओलावा गेलेला असतो. लगेच धनुष्य ओढलं तर ते ठिसूळपणानं मोडू शकतं. काही दिवस नुसतं ठेवून द्यायचं, हवेतली ओल त्याला परत घेऊ द्यायची. उलट वाफ दिली असेल, तर जास्तीची ओल सुकू द्यायची. दोन्हीकडे सक्ती एकच, थांबायची.

आपल्या परंपरेत धनुष्यापेक्षा बाण करणाऱ्याचे दाखले जास्त आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक बाण करणारा आहे. तो कामात इतका गढलेला की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळली नाही. पाली वाङ्मयातल्या देवदह सुत्तात बाणकार दोन जळत्या कोलितांमध्ये काडी तापवून सरळ करतो. तिथला मुद्दा मोठा मार्मिक आहे: काडी सरळ झाली की तो तिला पुन्हा तापवत बसत नाही. कष्ट देणं हे साधन आहे, व्रत नव्हे. काम झालं की ते थांबलं पाहिजे.

मात्र बाण आणि धनुष्य यांत फरक आहे. बाण सरळ राहण्यासाठी सरळ करतात. धनुष्य सरळ करतात ते नीट वाकता यावं म्हणून. जे अजिबात वाकत नाही ते धनुष्य नव्हेच, ती काठी. म्हणून धनुष्याच्या दांड्यातला ताठपणा हे उद्दिष्ट नाही. ताण आल्यावर दोन्ही बाहूंनी तो सारखा वाटून घ्यावा, हे उद्दिष्ट आहे.

आता बाजूला बसवलेल्या तिघांना बोलावू. मेन्शियसचा प्रश्न बरोबर ठरतो. तंतू कापून केलेला सरळपणा ही इजाच, आणि ती नेमकी ताणाच्या वेळी उघडी पडते. शाळेत धाकानं गप्प आणि शिस्तीत बसलेलं मूल दिसायला सरळ असतं. आत काय कापलं गेलं, ते पुढे एखाद्या कठीण प्रसंगी कळतं. श्युन्झीही बरोबर आहे, कारण नुसतं प्रेमानं बघत बसून दांडा वळत नाही. ऊब लागते, धरून ठेवणारा हात लागतो. पण साचा हवा तो लाकूड मऊ झाल्यावर, आधी नव्हे. आणि कान्टचं? पूर्ण सरळ काही घडत नाही, हे धनुष्य करणारा लगेच मान्य करील. फक्त तो विचारील, पूर्ण सरळ हवंय कुणाला?

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला 'सरळ करतो तुला' असं म्हणावंसं वाटलं, तर आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू. हा वाकडेपणा खरंच मुठीबाहेर जाणारा आहे, की फक्त आपल्या डोळ्याला खुपतो? आपल्या हातात करवत आहे की ऊब? आणि वळवून झाल्यावर थांबायला आपल्याकडे वेळ आहे का? तिसऱ्याचं उत्तर नाही असेल, तर दांडा तूर्त भिंतीला टेकवून ठेवलेला बरा.

पुढच्या व्याख्यानात आपण 'सवय' या विषयाकडे वळू. तोपर्यंत आपले प्रश्न आणि आक्षेप, विशेषतः आक्षेप, जरूर कळवा.